फोनची उतरंड

दिवाळीच्या सुमारास सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या चारचौघांसारख्या घरात डोकावून पाहावे. पुण्यात नोकरीला लागलेला नातू सुट्टीला येतो तो नवा फोन खिशात घालूनच. त्याचा दोन वर्षे वापरलेला फोन वडिलांकडे जातो. वडिलांचा फोन आईकडे येतो, कारण तिच्या फोनमध्ये आता एकही छायाचित्र मावत नाही. आणि आईच्या हातातला, कडेला तडा गेलेला, बॅटरी एकदा बदललेला फोन अखेरीस आजोबांच्या खाटेशेजारच्या फळीवर येऊन विसावतो. घरात सारे ज्यांना अण्णा म्हणतात, त्या आजोबांची याबद्दल काडीचीही तक्रार नसते. "मला काय करायचाय नवा? बोलता आलं, प्रवचन ऐकता आलं, झालं," असे ते म्हणतात. एकच वस्तू विकत आली आणि चार माणसांची सोय झाली. टाकून काहीच द्यावे लागले नाही, याचे समाधान घरभर पसरते.

हे समाधान खोटे नव्हे. वस्तू झिजेपर्यंत वापरावी ही सवय ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांनी ती फोनपुरती सोडून द्यावी असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न निराळाच आहे. जुन्या स्वयंपाकघरात धान्या-डाळींच्या मडक्यांची उतरंड असे. मोठे मडके तळाशी आणि त्यावर क्रमाने लहान. उतरंडीचा सारा भार तळाच्या मडक्यावर येतो हे ओळखून जाणती बाई ते मडके घेताना बोटाने वाजवून पाही. फोनच्या उतरंडीत मात्र सर्वांत जुने, सर्वांत कच्चे मडके तळाशी जाते, आणि भारही त्याच्यावरच सर्वाधिक पडतो.

हा भार किती, याची घरात कधी मोजदाद होत नाही. नातवाच्या खात्यात पगार येतो आणि महिनाअखेरीस त्यातले थोडेच उरते. अण्णांच्या खात्यात निवृत्तिवेतन येते, मुदतठेवींचे व्याज येते, उसाचे बिल येते, एखादे वर्षी विकलेल्या गुंठ्यांचे पैसेही येऊन पडतात. आधारशी जोडलेला क्रमांक तोच. गॅस सिलिंडरचा ओटीपी तेथेच येतो. हयातीचा दाखला आता फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून देता येतो, तोही त्याच फोनवरून दिला जातो. घरातील आयुष्यभराची शिल्लक ज्या दारातून आत-बाहेर होते, त्या दाराला घरातील सर्वांत जुने कुलूप असते. आणि ते कुलूप बरे आहे की नाही, हे "चालतोय ना?" एवढ्या एकाच प्रश्नावर ठरते.

फोन चालतो याचा अर्थ तो राखला जातो असा होत नाही. फोनमध्ये काच, बॅटरी आणि तारा यांखेरीज आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. अँड्रॉइड किंवा आयफोनमधील आयओएस. माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळींचा हा ग्रंथ असतो आणि एवढ्या मोठ्या लेखनात चुका राहतातच. त्यांपैकी काही चुका अशा असतात की त्यांतून परक्या माणसाला आत शिरता यावे. अशी चूक सापडली की कंपनी ती दुरुस्त करते आणि दुरुस्ती फोनकडे पाठवते. तेच अपडेट. गमतीची, खरे तर चिंतेची गोष्ट अशी की दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे चूकही जाहीर होते. जुने आणि नवे ताडून पाहणाऱ्या जाणकार चोराला भोक नेमके कोठे होते ते कळते. ज्यांनी दुरुस्ती घेतली ते सुटतात. ज्यांच्या फोनला ती मिळतच नाही, त्यांचे भोक आता गावभर माहीत झालेले असते.

याचे गाजलेले उदाहरण संगणकांच्या जगातले आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच दोषातून जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टने या प्रसंगी अपवाद करून तिच्यासाठीही दुरुस्ती दिली. पण खरी बोचणारी गोष्ट पुढेच आहे. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या पाहणीत बाधित संगणकांपैकी जवळजवळ सगळे विंडोज ७ वर चालणारे निघाले. विंडोज ७ ला त्या वेळी पाठिंबा होता, दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वी आली होती. ती बसवली गेली नव्हती, इतकेच.

ती का बसवली जात नाही, याचे उत्तर घराघरांतील मतांत सापडते. "अपडेट केलं की फोन मंद होतो" हे मत सर्वांत पक्के. त्याला अगदीच आधार नाही असेही नव्हे. बॅटरी जीर्ण झालेल्या जुन्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो, हे ॲपलला डिसेंबर २०१७ मध्ये कबूल करावे लागले. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून तसे केले, असा कंपनीचा खुलासा होता. तरी आधी सांगितले नाही, हा ग्राहकांचा राग रास्तच होता. मात्र दोन प्रकारच्या अपडेटमध्ये घरोघरी गल्लत होते. अँड्रॉइडची संपूर्ण नवी आवृत्ती येते तेव्हा जुन्या फोनला तिचे ओझे होऊ शकते. महिन्या-दोन महिन्यांनी येणारी सुरक्षा दुरुस्ती ही मात्र लहानशी डागडुजी असते. तिने फोन मंदावण्याचे सहसा कारण नसते. दुसरे कारण याहून साधे आहे. फोनमध्ये जागाच नसते. रोज सकाळी उगवणारे सुप्रभाताचे फूल, त्यावरचा सुविचार, त्याच सुविचाराच्या तीन गटांवरून आलेल्या तीन प्रती, यांनी फोन भरून गेलेला असतो आणि अपडेट बिचारे दाराशी ताटकळत राहते.

पण समजा जागा केली, मनही वळवले, तरी अण्णांच्या हातातील फोनला अपडेट येईलच असे नाही. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचे दोष उघडकीस आले. खास बनवलेला एक चित्रसंदेश नुसता येऊन पडला तरी फोनमध्ये शिरकाव व्हावा, असे ते दोष होते. त्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगल दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या प्रसिद्ध करू लागले. गूगलने प्रसिद्ध केलेली दुरुस्ती मात्र थेट हातातल्या फोनवर येत नाही. फोनमधील चिप बनवणारा, मग फोन बनवणारी कंपनी, अशा हातांतून ती फिरते आणि स्वस्तातल्या फोनसाठी एवढे कष्ट घेण्यात कंपनीला फारसे स्वारस्य नसते. कालपरवापर्यंत अनेक स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षे दुरुस्त्या मिळाल्या तरी पुष्कळ, अशी स्थिती होती. आता ती सुधारते आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून नियमच झाला, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देत राहावे. ॲपलने २०१३ साली आलेल्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्येही एक सुरक्षा दुरुस्ती पाठवली होती; आयफोन महाग असतो, पण उतरंडीत तो किती खाली जाऊ शकतो हा हिशेब घातला तर महागाईचे गणित थोडे बदलते.

येथे खरेदीच्या वेळची एक मेख सांगणे अगत्याचे आहे. पिक्सेल आणि गॅलेक्सी यांच्या बाबतीत ही सात वर्षे ग्राहकाने फोन घेतल्या दिवसापासून मोजली जात नाहीत. ते मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात. सणाच्या सवलतीत जो फोन निम्म्या किमतीत मिळतो, तो बहुधा वर्ष-दीड वर्षापूर्वी आलेला असतो आणि तेवढे आयुष्य दुकानाच्या कपाटातच सरलेले असते. औषधाच्या पाकिटावर बनवल्याची आणि मुदत संपल्याची अशा दोन्ही तारखा छापलेल्या असतात. फोनच्या खोक्यावर रंग असतो, कॅमेऱ्याचे आकडे असतात, आणि ही दुसरी तारीख ठळकपणे कोठेच नसते.

एवढे वाचून कोणी घाबरून जाईल, तर तेही योग्य नव्हे. दुरुस्त्या थांबल्या की दुसऱ्या दिवशी फोन उघडा पडतो, असे घडत नाही. जुन्या अँड्रॉइडवरही ब्राउझर, बँकेचे ॲप, व्हॉट्सॲप ही स्वतंत्रपणे अद्ययावत होत राहतात, आणि प्ले स्टोअरची घातक ॲप तपासणारी यंत्रणाही चालू राहते. (व्हॉट्सॲप जुन्या फोनांवर चालेनासे झाले की मात्र घरात ताबडतोब नवा फोन येतो. बँकेच्या काळजीने जे होत नाही, ते नातवंडांच्या चित्रफितींच्या ओढीने होते.) शिवाय ज्येष्ठांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा फोनच्या भोकातून जात नाहीत. ते कोणीतरी गोड किंवा दरडावणीच्या आवाजात मागून घेतो. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली गणवेशातील तोतया पोलीस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास धरून ठेवतो, तेव्हा फोन नवा की जुना याने तिळमात्र फरक पडत नाही. अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले होते. तरी तो कॉल अजून येतोच आणि माणसे अजून घाबरतातच.

मग फोनच्या वयाची एवढी चर्चा कशाला, असे कोणी विचारील. फरक पडतो तो दुसऱ्या एका प्रकारच्या फसवणुकीत, आणि ती सध्या महाराष्ट्रात सर्रास चालते. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. तिचे नाव लग्नपत्रिका असते, वाहनाचे चलन असते, वीजबिलाची थकबाकी किंवा बँकेची केवायसी असते. पाठवणारा क्रमांक कधी ओळखीच्याच माणसाचा असतो, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. समाजाच्या गटावर तुळशीच्या लग्नानंतर रोज चार पत्रिका येत असताना पाचवी उघडताना कोण थांबणार? ती पत्रिका नसते. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असलेले ते एक ॲप असते, आणि ते बसले की फोनवर येणारे संदेश, त्यांतील ओटीपीसह, दूर बसलेल्या माणसाला दिसू लागतात.

या ठिकाणी अँड्रॉइडच्या आवृत्तीचा संबंध येतो. २०१५ च्या अँड्रॉइड ६ च्या आधी ॲप बसवतानाच साऱ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत; ६ पासून ते एकेक परवानगी त्या-त्या वेळी मागू लागले. २०१७ च्या अँड्रॉइड ८ च्या आधी बाहेरची ॲप बसवू देण्याचे एकच बटण होते. ते एकदा चालू केले की कोणत्याही वाटेने काहीही आत यावे. ८ पासून ही मुभा प्रत्येक वाटेला वेगळी द्यावी लागते. आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये एक फार मोलाची आडकाठी आली. अंध व्यक्तींसाठी फोनमध्ये एक सोय असते. तिच्या आधारे ॲपला पडद्यावरचे वाचता येते आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. दयाळू हेतूने केलेली ही सोय चोरांच्या फार कामी येते. अशा फाइलमधून बसवलेल्या ॲपला अँड्रॉइड १३ ही सोय सहजासहजी घेऊ देत नाही. अडथळा ओलांडता येतो, पण त्यासाठी सेटिंगमध्ये खोलवर जावे लागते, आणि तेवढ्या वेळात माणसाला शंका येते किंवा नातू घरी येतो.

उतरंडीच्या तळाशी असलेला सहा-सात वर्षांपूर्वीचा फोन बहुधा अँड्रॉइड ९ किंवा १० वर थबकलेला असतो. त्याच्यात ही आडकाठी नाही. चूक कोणाकडूनही होते. तिशीतल्या अभियंत्याकडूनही होते. त्याचा नवा फोन त्याला दोनदा विचारतो, लाल अक्षरांत बजावतो, हात धरतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातातील फोन त्या मानाने मुकाट्याने मान डोलावतो. ज्याला सावरणाऱ्याची सर्वाधिक गरज, त्यालाच घराने सर्वांत कमी सावरणारे यंत्र दिलेले असते, आणि तेही प्रेमाने.

त्यात आणखी दोन बारीकसारीक गोष्टींची भर पडते. फोन खाली सरकतो तेव्हा तो क्वचितच स्वच्छ करून दिला जातो. आईचे गूगल खाते त्यात तसेच असते, नातीने कधीकाळी घेतलेले चार खेळ तसेच असतात, आणि त्या खेळांना कोणकोणत्या परवानग्या दिल्या होत्या हे आता तिलाही आठवत नाही. दुसरे असे की, जन्मभर शेतात किंवा दुकानाच्या मापट्यावर राबलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. फोन ते ओळखत नाही. दोन-चार दिवस खटपट करून घरातलेच कोणीतरी कंटाळते आणि पडद्याचे कुलूपच काढून टाकते. यूपीआयचा पिन एका चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरच्या आत सरकवलेला असतो. तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगून ठेवावी, तसा हा प्रकार.

उपाय फार खर्चाचा नाही. उतरंड उलटी करावी लागते. घरात ज्या फोनवर सर्वांत मोठी शिल्लक हाताळली जाते, त्याला दुरुस्त्या मिळत असल्या पाहिजेत, मग तो कोणाच्याही हातात असो. तो महागच असला पाहिजे असे नाही. अपडेटची वर्षे स्पष्ट सांगणारा मध्यम किमतीचा नवा फोन अण्णांकडे आणि थोडा जुना नातवाकडे, अशी वाटणी कोणत्याही घराला झेपण्यासारखी आहे. नातवाला ती रुचणार नाही, हे उघड आहे. त्याला कॅमेरा चांगला हवा असतो. अण्णांच्या ठेवी आणि नातवाची छायाचित्रे यांत अधिक जपण्यासारखे काय, एवढे त्याला विचारून पाहावे.

तेही जमत नसेल तर पैशांचा फोन आणि ऐकण्याचा फोन वेगळे करता येतात. जुना फोन पूर्ण पुसून, त्यात नवे रिकामे खाते घालून, सिमकार्डाविना घरच्या वायफायवर ठेवावा. प्रवचने, भजने, बातम्या यांसाठी तो आणखी चार वर्षे सुखाने चालेल आणि वस्तू वाया जाणार नाही. बँकेशी जोडलेले सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घालावे. त्या फोनवर ओटीपी येतो, पण तो वाचणारे एपीके तेथे बसत नाही. साध्या फोनवरूनही यूपीआय करण्याची सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू करून दिलेलीच आहे. आणि मोठी शिल्लक असलेले खाते यूपीआयला मुळात जोडावेच कशाला? भाजी, दूध, औषधे यांसाठी दुसऱ्या लहान खात्यात महिन्याला काही हजार टाकले की भागते. चोर आला तरी त्याच्या हाती तेवढेच लागेल.

ऑगस्ट २०२४ पासून यूपीआयमध्ये 'सर्कल' नावाची सोय आहे. तिच्यात घरातील एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्याला ठरावीक मर्यादेत, एका वेळी पाच हजार आणि महिन्याला पंधरा हजार रुपयांपर्यंत, खर्च करता येतो. किंवा प्रत्येक खर्चाला पहिल्याची संमती लागावी अशीही व्यवस्था करता येते. अनेक मुले ही दुसरी व्यवस्था वडिलांसाठी सोयीची मानतील. येथे जरा थांबावे. ज्या माणसाने चाळीस वर्षे दुकानाची रोकड सांभाळली, त्याला नारळ घेताना मुलाची संमती मागायला लावणे ही सुरक्षितता असली तरी तिची किंमत फोनपेक्षा जास्त आहे. लहान खात्याचा मार्ग यापेक्षा बरा. पैसे त्यांचे, पिन त्यांचा, हिशेबही त्यांचाच.

घरच्या संगणकाची गोष्ट वेगळी नाही, म्हणून थोडक्यात. घरात नवा लॅपटॉप आला की जुना संगणक दुकानात जातो आणि त्यावर वर्षभराची वही, जीएसटी आणि नेट बँकिंग चालते. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाव नोंदवून घेतल्यास घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणक जोडून ही नोंदणी विनाशुल्क करण्याचाही मार्ग आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते; अनेक जुन्या संगणकांत ती नसते. दुकानदारांच्या मनात येणारा "आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मात्र फसवा आहे. खंडणीखोराला दुकानाची वही विकायची नसते. ती मालकालाच परत विकायची असते. वहीची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवली, तर त्याचा निम्मा धंदा बसतो.

आता एवढे सगळे करूनही पैसे जातात, तेव्हा काय होते ते पाहू जावे. १९३० हा क्रमांक पुष्कळांना ठाऊक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात पळत असतात. तक्रार जितकी लवकर, तितकी वाटेत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही वेळेलाच महत्त्व आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा व्यवहाराची सूचना बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाच्याच हलगर्जीने पैसे गेले असतील तर सूचना देईपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि सूचना दिल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे ओटीपी स्वतःच सांगून बसलेल्या माणसालाही तासाभरात बोलण्याचा फायदा आहे.

पण तो बोलत नाही. फसवणुकीच्या प्रकरणांत सर्वांत महागात पडतात ते हे गप्प राहण्याचे दोन दिवस. अण्णांना दुपारी तीनलाच कळलेले असते. ते बँकेचा संदेश पुन्हा पुन्हा उघडून पाहतात, चष्मा पुसून पाहतात. संध्याकाळी मुलगा दुकानातून येतो, जेवतो. ते त्याला सांगत नाहीत. रात्री झोप लागत नाही. त्यांना चोराची भीती राहिलेली नसते, भीती असते ती एका वाक्याची, जे या घरात यापूर्वी दहा वेळा उच्चारले गेले आहे, कधी टीव्हीच्या रिमोटवरून, कधी चुकून लागलेल्या व्हिडिओ कॉलवरून: "तुम्हाला किती वेळा सांगितलं, कळत नाही तर हात लावू नका म्हणून." ज्या घरात हे वाक्य रुळलेले असते, त्या घरात १९३० क्रमांक भिंतीवर लिहून ठेवला तरी तो वेळेवर लागत नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी नातवाकडे अर्धा तास मोकळा असतो. अण्णांच्या खाटेवर त्यांच्याशेजारी बसून तो फोन घ्यावा, सेटिंगमध्ये अगदी तळाशी 'फोनविषयी' हा भाग उघडावा आणि त्यातील सुरक्षा अपडेटची तारीख मोठ्याने वाचावी. वाचण्याचे काम अण्णांनाच करू दिले तर अधिक बरे. तारीख बहुधा तीन-चार वर्षांपूर्वीची निघेल.

"म्हणजे याचं औषध केव्हाच संपलंय म्हणायचं," अण्णा म्हणतील.

"व्हय अण्णा. तुम्हाला बाबांचा देतो, बाबांना दुसरा बघू."

"देशील ते बरं. पण अक्षरं एवढीच मोठी पाहिजेत. आणि आजीचा फोटो आहे ना वरती, तो तस्साच आला पाहिजे."

तेवढे काम नातवाला सहज जमण्यासारखे आहे.